कृष्णात सरांना बघायला आलेली माणसं

कृष्णात सरांचा घसा एरवी ठणठणीत असायचा. रविवारच्या बाजारात वांगी निवडताना त्यांचा आवाज पार शहापूरच्या नाक्यापर्यंत ऐकू यायचा. पण चार माणसांपुढं उभं राहून बोलायची वेळ आली, की आदल्या दिवशी हा घसा असा बसायचा, की जणू पाहुणा येणार म्हणताच कोपऱ्यात जाऊन बसणारं लाजरं पोर. नोकरीच्या मुलाखतीला त्यांनी सगळी उत्तरं खडूनं फळ्यावर लिहून दिली होती. मुलाखत घेणाऱ्यांना वाटलं, काय नेमस्त माणूस आहे, बडबड नाही, काही नाही. नेमणूक तिथल्या तिथं झाली.

नेमणूक होती बेळगावातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून. म्हणजे मुलांना बेडूक कापून दाखवायचा. या कामाला आवाज लागत नाही. बेडूक गप्प असतो आणि मुलं नाकाला रुमाल लावून उभी असतात. त्यामुळं सरांची गाडी बिनबोभाट चालली होती. लग्न ठरायचं होतं, पण तिथंही बोलावं लागतं, म्हणून तेही राहिलं होतं.

त्यांची आई कोंडाबाई निपाणीला. तंबाखूच्या वखारीत तिचा उभा जन्म गेला. तंबाखू कुटायचा, चाळायचा, डोक्यात, डोळ्यांत, लुगड्याच्या निऱ्यांत त्याची तिखट धूळ, खकाण, घेऊन घरी यायचं. त्या खकाणीतून तिनं पोराला बी.एस्सी. केलं. आता अशा बाईनं वखारीत थोडा तोरा मिरवायचा नाही तर कुणी? पण तिनं 'आमचा कृष्णात कॉलेजात हाय' असं म्हटलं रे म्हटलं, की शेजारच्या चाळणीवरची तानीबाई हसायची.

"एवढं शिकवलंस आन् शेवटी बेडकं कापाय लावलंस व्हय गं? आमचा मायाप्पा साळंची पायरी चढला न्हाय, त्यो कोंबड्या कापतोय. त्येला निदान वर रस्सा तरी मिळतोय."

सगळी वखार हसायची. कोंडाबाई हसण्यात सामील व्हायची आणि घरी येऊन भाकरी जास्तच जोरानं थापायची. पोरगा नेमकं काय करतो, हे तिलाही सांगता यायचं नाही. एकदा ती मुद्दाम कॉलेजात गेली होती, लेकाला शिकवताना ऐकायला. खिडकीतून तिला दिसला तो पांढऱ्या कोटातला कृष्णात, हातात चिमटा, आणि चिमट्यात तेच.

अशात बेळगावजवळच्या कडोलीहून भावकू आला. कडोलीचं साहित्य संमेलन म्हणजे गावाचा आवडता उत्सव, आणि भावकू त्यातला हौशी कार्यकर्ता. शेती सांभाळून वक्ते गोळा करणं हा त्याचा जोडधंदा.

"सर, सकाळधरनं कविताच ऐकत्यात लोकं. दुपारी जरा इज्ञान पायजे," तो म्हणाला. "आपला माणूस अंतराळात जाऊन आला, त्येला दोन-तीन वर्सं झाली. पेपरात फोटो आला, पेढं वाटलं. पर तिथं गेल्यावर माणसाच्या अंगात काय हुतंय, त्ये कुणी सांगितलंच न्हाय. तुमी सांगा."

सरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांना एकदम वखार दिसली. अंतराळ! त्यात बेडूक कुठं येतो? त्यांनी होकार दिला आणि विषयही देऊन टाकला: 'अंतराळप्रवास आणि मानवी रोगप्रतिकारक्षमता.'

"येवढं कापडावर मावायचं न्हाय," भावकू म्हणाला. रंगाऱ्यानं शेवटी 'अंतराळातली सर्दी' एवढंच रंगवलं.

निरोप निपाणीला पोचला आणि कोंडाबाईनं वखारीतल्या बायकांना आवतण देऊन टाकलं. रविवारी सुट्टीच असते. एक टेम्पो ठरला. "तू बी ये गं तानीबाई," ती म्हणाली. "माझा पोरगा काय करतोय त्ये तुज्या कानानं ऐक. बेडूक एक बी न्हाय त्येच्यात."

झालं. आता कृष्णात सरांना आख्खं कडोली समोर बसलं असतं तरी चाललं असतं, पण तानीबाईच्या शेजारी बसलेली आई त्यांना स्वप्नात दिसायला लागली. घसा बसला, तर ती जन्मभर वखारीत मान वर करणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घसा वाचवायचा, बाकी काही बघायचं नाही.

तयारीसाठी ते कॉलेजच्या वाचनालयात इंग्रजी मासिकं धुंडाळत बसले. आणि तिथं त्यांना युक्ती सापडली. अंतराळात जाणाऱ्यांना, म्हणे, निघण्याआधी काही आठवडे माणसांपासून लांब ठेवतात. पूर्वी ठेवत नसत. मग कुणाला वर गेल्यावर सर्दी व्हायची, कुणी निघायच्या तोंडावर गोवरासारखा रोग झालेल्याच्या सावलीत यायचा. शेवटी डॉक्टर लोकांनी नियमच केला: ठरावीक माणसांखेरीज कुणी भेटायचं नाही. कारण वर गेल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या रोगाशी लढतात, त्या ढिल्या पडतात. तेव्हा इथूनच रोग बरोबर न्यायचा नाही.

सरांनी मासिक मिटलं. चंद्रावर जाणाऱ्याला जे जमतं, ते कडोलीला जाणाऱ्याला का जमू नये? त्यांनी कॉलेजातून रजा काढली, माडीवरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत पाणी भरून ठेवलं आणि दाराला पाटी अडकवली: 'कृपया भेटू नये. कोणासही आत घेतले जाणार नाही.'

आमच्या गल्लीत दार दुपारी लावलं तरी लोक खिडकीतून विचारतात, बरं आहे ना? इथं तर वर पाटी! घरमालकीण जयाबाई जेवणाचं ताट घेऊन गेल्या आणि दाराबाहेरच थबकल्या.

"सर, काय झालंय?"

"काही नाही झालेलं, काकू. काही होऊ नये म्हणून आत आहे. ताट उंबऱ्यावर ठेवा आणि जरा लांब व्हा."

जयाबाईंनी ताट ठेवलं आणि चार पायऱ्या एकदम उतरल्या. 'काही नाही झालेलं' असं फक्त फार काही झालेला माणूसच सांगतो, हे त्यांनी माहेरी, सासरी आणि नात्यागोत्यात बघितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ताटातली भाकरी थोडी उरली, तेव्हा त्यांची खात्रीच पटली. संध्याकाळी नळावर सरांना ताप होता. नळावरून तो गिरणीत गेला तोवर कावीळ झाला.

आता आजारी माणसाला बघायला जाणं हे आमच्याकडं ऐच्छिक नाही. लग्नाला नाही गेलात तर एक वेळ चालतं. दुखण्याला नाही गेलात तर तुमचं नाव दोन पिढ्या निघतं. म्हणून सर्वांत आधी घरमालक मारुतीराव आले, हातात मोसंबीची पिशवी आणि नाकाला मफलर.

"दार उघडा सर."

"पाटी वाचली नाही का काका?"

"वाचली की. पण ती परक्यांना." मारुतीराव दोनदा शिंकले. "माझ्या हर्नियाच्या वेळी तुम्ही बघायला आला नव्हता. मी ते मनात धरलं नाही. तरी आलोय."

हर्नियाचं नाव निघाल्यावर कोण दार बंद ठेवू शकतो? सरांनी फट केली. त्या फटीतून मारुतीराव आत आले आणि मारुतीरावांच्या मागून गल्ली. ज्यानं त्यानं सरांची खालची पापणी ओढून बघितली. ज्याच्या त्याच्या ओळखीत अगदी असंच झालेला एक माणूस होता आणि तो वाचला नव्हता. कॉलेजातला शिपाई आण्णाप्पा सगळ्या स्टाफच्या वतीनं शहाळं घेऊन आला आणि "एनात्री सर?" म्हणजे काय झालं, एवढं विचारण्याआधीच त्याला खोकल्याची उबळ आली. ती त्यानं सरांच्या उशाशी बसून पूर्ण केली. जानेवारीचे दिवस. बेळगावची थंडी ऐन भरात, आणि गावात एक नाक कोरडं नव्हतं. कॉटखाली बिस्किटांच्या पुड्यांची रास लागली. अंतराळात जाणाऱ्याला सोडा, साध्या निरोगी माणसालाही झेपणार नाही एवढी सदिच्छा त्या खोलीत जमली.

आणि नेमका मष्णू जयाबाईंच्या ओळखीचा निघाला. मष्णू निपाणी गाडीचा कंडक्टर. त्यानं तिकिटांबरोबर बातमीही फाडायला सुरुवात केली. काकतीला सरांना साधा ताप होता. हत्तरगीला त्याचा विषमज्वर झाला. संकेश्वरात सरांनी अन्न सोडलं. निपाणीच्या स्टँडवर गाडी लागली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एका खोलीत कोंडून घातलं होतं आणि सख्ख्या आईलाही भेटू देत नव्हते.

"आईला भेटू देत न्हाईत?" कोंडाबाईनं चाळणी खाली ठेवली. "कोण देत न्हाय त्येच बघती."

रविवारचा टेम्पो शुक्रवारीच निघाला.

सर उशीला टेकून भाषण पाठ करत होते. घसा अजून शाबूत होता. गल्लीचा हल्ला त्यांनी मीठ-पाण्याच्या गुळण्या करून परतवला होता. तेवढ्यात खाली टेम्पो थांबला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरच रडणं सुरू झालं. सरांनी दाराला पाठ लावली.

"आई, आत येऊ नकोस! पाटी बघ!"

"आत येऊ नको म्हंतोय गं आईला!" बाहेरून तानीबाई ओरडली. "भरमलाय पोरगं!"

"मी बरा आहे! बरा आहे म्हणूनच आत आहे!"

"आयकलंस का कोंडे? उलटं बोलतोय. माझा सासरा बी जायच्या आदी असंच म्हणायचा, मी बरा हाय, मी बरा हाय."

कोंडाबाईनं दाराला खांदा लावला. पोत्यांच्या थप्पीला लावलेला खांदा तो. सर पाच हात मागं सरकले आणि निपाणीची वखार आत आली. बायका कामावरूनच उठून आल्या होत्या. लुगडी झाडायलाही थांबल्या नव्हत्या. आईनं गळ्यात पडून पाठीवरून हात फिरवला मात्र, तंबाखूची खकाण खोलीभर उडाली. बायकांना काहीच झालं नाही, त्यांची नाकं मुरलेली. पण सर शिंकले, आणि शिंकत राहिले. मधे श्वास मिळाला की 'आई, ऐक' म्हणायचे आणि पुन्हा शिंकायचे. तानीबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून शेगडीवर टाकल्या. खिडकी बंद होती, धूर बाहेर जायला वाट नव्हती. मग तिनं सरांचं पोट दाबून बघितलं, जीभ बघितली आणि निकाल दिला, "नजर लागलीया. त्या बेडकांची असंल."

दिवस मावळता मावळता सरांचा घसा बसला. असा बसला, की पूर्वीचं सगळं बसणं ही नुसती तालीम होती. कोंडाबाई लेकाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "बघ, मी आली म्हणून कळलं तरी. न्हायतर एकटाच आजारी पडला असतास."

सरांनी मीठ-पाण्याचा तांब्या पुढं ओढला. 

रविवारी कडोलीत मांडव गच्च भरला होता. कवींनी ठरल्याप्रमाणं ठरल्यापेक्षा जास्त वेळ घेतला, मग जेवणं झाली, आणि पोटभर जेवलेले लोक विज्ञानाच्या सावलीत जरा आडवं व्हावं अशा बेतानं टेकले. पुढच्या सतरंजीवर टेम्पोनं पुन्हा आलेल्या निपाणीच्या बायका, मधोमध कोंडाबाई. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. शेजारी तानीबाई पानाची पिशवी उघडून बसली होती, जत्रेत तमाशा बघायला बसतात तशी.

मारुतीरावांच्या स्कूटरवरून मफलरात गुंडाळलेले सर उतरले. भावकूनं नमस्कार केला आणि सरांनी तोंड उघडलं, तर आतून नुसता वारा.

"आयला!" भावकूनं कपाळ धरलं. "सर, रद्द करू? म्हातारे कवी हाईत अजून दोगं, वाटच बघत्यात."

सरांनी मांडवात बघितलं. आई शेजारच्या अनोळखी बाईला त्यांच्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होती. सरांनी मान हलवली. रद्द नाही.

"मग माइक हाय की. घ्या जवळ. अजून जवळ. आता तोंडात घालू नका, पर त्येवढं जवळ."

सरांनी भाषणाचे कागद काढले. पहिलंच वाक्य होतं, 'गुरुत्वाकर्षणविरहित अवस्थेत मानवी देहाच्या संरक्षक यंत्रणेवर होणाऱ्या परिणामांचा ऊहापोह करताना...' ऊहापोहापर्यंत त्यांचा वारा संपला. पुन्हा दम घेतला, पुन्हा संपला. मागून कुणीतरी जांभई दिली. तानीबाईनं सुपारी कातरली. सरांनी कागद दुमडून खिशात घातले. बसलेल्या घशात बसतील एवढेच शब्द घ्यायचे, तर ते निपाणीचेच होते.

"वर," माइकमधून कुजबुज आली, "वजन नसतंय."

भोंग्यातून ती कुजबुज अशी आली, की झाडाखाली बिडी ओढत बसलेले म्हातारेही उठून आत आले. मोठ्यानं बोलणाऱ्याकडं लोक दुर्लक्ष करतात. पण हळू बोलतोय म्हणजे काहीतरी आतलं सांगतोय, हे कडोलीला काय, कुठल्याही गावाला कळतं. आडवे झालेले बसते झाले.

"पाणी खाली पडत न्हाय. अंगातलं पाणी बी खाली ऱ्हात न्हाय. डोक्याकडं चढतंय. तोंड सुजतंय. नाक चोंदतंय."

"मग शिंकरायचं की!" मागून आवाज आला.

"शेंबूड खाली येतोय म्हणून शिंकरता येतंय," सर कुजबुजले. "तिथं खाली न्हायच. त्यो हाय तिथंच ऱ्हातोय. एकदा तिघं गेलेले. एकाला सर्दी झाली, मग समद्यास्नी. धा-अकरा दिवस. खिडकीत आख्खी पृथ्वी दिसतीया, आन् हे नाक धरून."

मांडव हसला. कविसंमेलनाला एवढा हसला नव्हता. सरांना पहिल्यांदाच कळलं की समोरची माणसं ही माणसंच असतात. त्यांनी पांढऱ्या पेशी सांगितल्या. रक्तात राखणीला असतात. रोगाचा कण शिरला की एकीच्या दोन, दोनाच्या चार होऊन तुटून पडतात. पण वर जाऊन आलेल्यांचं रक्त तपासलं, तर त्या सुस्तावलेल्या. एका साहेबानं तर काचेच्या भांड्यातून नुसत्या पेशीच वर पाठवल्या, डिवचून बघितल्या, तर त्या ढिम्म. कशानं? वजन नाही म्हणून, की काळजीनं झोप नाही म्हणून, ते अजून कुणाला नीट माहीत नाही. शोधतायत.

"खाली आल्यावर?" भावकूनं विचारलं.

"हुतंय बरं. हळूहळू. पर म्हणून जायच्या आदीच त्यास्नी येगळं ठेवत्यात. कुणाला भेटू देत न्हाईत."

पुढच्या सतरंजीवरून कोंडाबाई उठून उभी राहिली. तानीबाईनं पदर ओढला, तो तिनं झटकला.

"आईला बी?"

 सरांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "आईला बी."

 शुक्रवारचं दार, मागं सरकलेला पोरगा, शिंका, सगळं कोंडाबाईच्या तोंडावरून एकामागोमाग गेलं.

"मग त्ये मला सांगायचं न्हाईस रं?"

"पाटी..." सर पुटपुटले.

"मला वाचाय येतंय व्हय, भाड्या?" ती कडाडली. तिला माइक लागला नाही. "सोळा वर्सं मी तुला शिकवलं का तू मला?"

कडोली हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. सरही हसले, म्हणजे खांदे हलले. पण कोंडाबाई बसली ती डोळ्यांना पदर लावून, आणि तानीबाईनं तिच्या हातात पान दिलं.

कार्यक्रम संपल्यावर चहा होता. सरांना हार घातलेला, मफलरावरून तो खाली सरकत होता. ते पेला घेऊन आईला शोधत निघाले, तर ती खांबाजवळ दिसली. कडोलीच्या दहा-पंधरा बाया भोवती, एवढ्यात कुठूनतरी अजून येत होत्या.

"आमाला मागं नीट आयकू आलं न्हाय," त्यातली रुक्माबाई म्हणत होती. "काय म्हणाला ओ तुमचा पोरगा?"

"आता बघा," कोंडाबाईनं पदर खोचला. "रक्तात पांढरं गडी असत्यात. कामाला. वर गेलं की वजन न्हाय, म्हंजे पोती उचलायची न्हाईत. मग कोण काम करंल? बसून ऱ्हात्यात. मुकादम वर येत न्हाय, त्येला काय भ्या न्हाय का? म्हणून रोग शिरतोय."

सर पुढं झाले. मुकादमाचं तसं नाही, आणि पोत्यांचंही तसं नाही, एवढं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. जेवढा वारा शिल्लक होता तो भाषणात संपला होता. ओठ हलले, बाहेर काही आलं नाही.

"बघा, व्हय म्हणतोय," कोंडाबाई म्हणाली.

सरांनी जोरानं मान हलवली. मफलर आणि हार मिळून ती मान उभी हलली का आडवी, हे कुणाला कळलं नाही.

"आन् आता सरकार माझ्या पोराला इचारतंय," कोंडाबाईनं आवाज चढवला, "की बाबा, या गड्यास्नी कामाला कसं लावायचं? त्योच बघतोय त्ये काम."

सरांनी हवेत दोन्ही हात नाचवले. नाही, नाही, सरकार बिरकार कुणी नाही!

"काय म्हणत्यात?" रुक्माबाईनं विचारलं.

कोंडाबाईला उत्तर द्यावं लागलं नाही. तानीबाई तोंडातलं पान एका गालात सारून पुढं सरकली.

"म्हणतोय, अजून लई काम हाय. दमलाय बिचारा," ती म्हणाली, आणि गर्दी कोपरानं मागं सारत सरांसाठी खुर्ची ओढली. "बस रं मास्तर. तू च्या पी. आमी सांगतो."